ॲलन पेज: खेळता खेळता वकील झालेला डिफेन्सिव्ह टॅकल

हिवाळपाखरू

इथे अमेरिकन फुटबॉलवर धागा निघतो तो बहुतेक सुपर बोलच्या, म्हणजे मोसमातल्या अंतिम सामन्याच्या आठवड्यात, आणि सगळी चर्चा क्वार्टरबॅकभोवती फिरते. चेंडू त्याच्या हातात असतो, त्यामुळे ते साहजिकही आहे. मला आज लिहायचंय ते त्याच्या समोर वाकून बसलेल्या माणसाबद्दल. मिनेसोटा व्हायकिंग्जचा ॲलन पेज. १९६७ ते १९८१, १५ मोसम, सलग २१८ सामने, मध्ये एकही गैरहजेरी नाही. आणि यातली शेवटची काही वर्षं तो कायदा शिकत होता, नंतर वकिलीही करत होता. पुढे तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला.

ज्यांना खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं जागेबद्दल. त्या काळच्या बचावफळीत पुढे चौघं असत. बाहेरच्या बाजूला दोन एंड, आत दोन टॅकल. पेज उजवा टॅकल. एक हात जमिनीवर टेकवून, गुडघे मोडून बसायचं. समोर आक्रमण फळीतले गार्ड आणि सेंटर, आणि दोन फळ्यांच्या मध्ये मोकळी जागा किती, तर चेंडूच्या लांबीएवढी, म्हणजे जेमतेम ११ इंच. चेंडू कधी निघणार हे आक्रमण फळीला आधीच ठाऊक असतं, तसा इशारा ठरलेला असतो. बचावातल्या माणसाला तो ठाऊक नसतो. चेंडू हलला की हलायचं, तोवर नाही. अर्ध्या क्षणाची ही उधारी घेऊनच त्याची प्रत्येक खेळी सुरू होते.

पेजचं वैशिष्ट्य इथेच होतं. चेंडू हलताक्षणी तो इतका झटकन उठायचा की गार्डचे पाय जमिनीत रोवायच्या आत हा त्याच्या खांद्यापलीकडे गेलेला असायचा. उंची ६ फूट ४ इंच, वजन साधारण २४५ पौंड, म्हणजे १११ किलोच्या आसपास. त्या जागेसाठी तेव्हाही हे काही फार नव्हतं. कॉलेजात तो एंड खेळायचा. व्हायकिंग्जनी त्याला आत घेतलं आणि एंडची चपळाई टॅकलच्या जागी आली. डावीकडे कार्ल एलर आणि गॅरी लार्सन, उजवीकडे जिम मार्शल. ‘पर्पल पीपल ईटर्स’ हे नाव पडलं ते या चौघांना.

१९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं त्याला लीगचा, म्हणजे एनएफएलचा, मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर (एमव्हीपी, मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू) निवडलं. बचावातल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्यानंतर आजवर बचावातला आणखी एकच माणूस तिथे पोचलाय, १९८६ साली लॉरेन्स टेलर. त्याच १९७१ च्या मोसमात डेट्रॉइटविरुद्धचा एक सामना आहे. लागोपाठ दोन दंड पेजवर लागले आणि तो भडकला. पण पंचांशी हुज्जत घालत बसला नाही, पुढच्या खेळींत समोरची फळी त्यानं अक्षरशः उधळून लावली. त्याची जुनी चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. चेंडूकडे बघू नका, फक्त ८८ नंबरची जर्सी कुठे आहे ते बघा.

तो ओहायोतल्या कँटनचा, जन्म १९४५ चा. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. तिथे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमची इमारत उभी राहत होती तेव्हा शाळकरी पेज त्या बांधकामावर मजुरीला होता, आणि १९८८ मध्ये त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला. हा योगायोग सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती समारंभातली गोष्ट. हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश करताना खेळाडूची ओळख सहसा त्याचा प्रशिक्षक किंवा जुना सहकारी करून देतो. पेजनं बोलावलं मिनीॲपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला, विलरीन बीझली यांना. आणि स्वतःच्या भाषणात तो शिक्षणावर बोलला. व्यावसायिक संघाच्या बैठकीत प्लेबुक, म्हणजे खेळींची वही, मोठ्यानं वाचायला सांगितल्यावर सहकाऱ्यांपैकी काहींना ते वाचताच आलं नाही, हे त्यानं स्वतः पाहिलेलं होतं. शाळा-कॉलेजातून ही मुलं वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली होती, कारण शनिवारी मैदानात त्यांचा उपयोग होता.

‘आधी फुटबॉलपटू, मग न्यायाधीश’ असं लिहिलं जातं ते मला पटत नाही. ही दोन आयुष्यं एकापुढे एक नव्हती. पहिल्या वेळी त्यानं कायद्याच्या वर्गात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत सोडलं. १९७५ मध्ये पुन्हा प्रवेश घेतला, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात, आणि १९७८ मध्ये पदवी मिळवली. या तिन्ही वर्षांत तो व्हायकिंग्जचा टॅकल होता. खेळाडूंच्या संघटनेतही तो संघाचा प्रतिनिधी होता, १९७४ च्या संपाच्या काळात तर अगदी पुढे. कराराबाहेर आलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघानं घेतलं की पहिल्या संघाला भरपाई द्यावी लागे, आणि ती ठरवायचे लीगचे आयुक्त. त्यामुळे कुणी कुणाला घ्यायला धजावतच नसे. पेजसारख्यांचा झगडा याच्याशी होता.

व्हायकिंग्जनी त्याला सोडलं तेही १९७८ मध्येच, मोसम अर्ध्यावर असताना. त्यावर खाली बोलूच.

---

चिंचपोकळी_८५

मस्त धागा! वाचतोय. एक प्रश्न: त्याच्या सॅकची (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडण्याची) संख्या कुठेच सापडत नाही, असं का? आकडा आला की आपल्याला तुलना करता येते.

---

हिवाळपाखरू

@चिंचपोकळी_८५, लीगनं सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ पासून, आणि पेज निवृत्त झाला १९८१ ला. त्यामुळे अधिकृत खात्यावर त्याच्या नावापुढे काहीच नाही. संशोधकांनी जुनी सामनापत्रकं आणि चित्रफिती चाळून नंतर जी मोजणी केली त्यात १४८.५ येतात. आतल्या टॅकलसाठी हा आकडा अवाढव्य आहे. एंडला बाहेरून मोकळी वाट तरी असते, टॅकलवर बहुतेक वेळा दोघं तुटून पडतात.

शिवाय समोरच्यांच्या हातून निसटलेले चेंडू, म्हणजे फंबल, २३ वेळा ताब्यात घेतले. किक अडवण्यातही तो वाकबगार होता. तुझ्या तुलनेला हे पण लागेल.

---

अडवणूक

कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. चढाई करणाऱ्याचं नाव सगळ्या गावाला पाठ, पण कोपऱ्यातला ज्यानं घोटा धरला त्याचं नाव विचारा. टॅकलचं तसंच.

माझं मात्र एका बाबतीत वेगळं मत आहे, आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. १९७८ मध्ये व्हायकिंग्जनी त्याला काढलं याची गोष्ट नेहमी ‘शिकलेल्या माणसाला संघानं बाहेर काढलं’ अशी सांगितली जाते. फुटबॉलच्या बाजूनंही बघा ना. पेज लांब पल्ल्याचं धावायला लागला होता आणि त्याचं वजन उतरत उतरत २२० पौंडांच्या आसपास आलं होतं. म्हणजे १०० किलो. समोरचे गार्ड २५०-२६० चे. त्यात नेमकं १९७८ सालीच नियम बदलला. पासच्या वेळी आक्रमण फळीला हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. आधी हात छातीशी धरून अडवावं लागे, तेव्हा चपळ माणूस कडेनं निसटू शकायचा. आणि त्याच्या आदल्या वर्षी बचावपटूंचं हुकमी हत्यार, हेल्मेटवर थप्पड मारायचं, तेही बंद झालेलं. सगळे बदल एकाच दिशेनं जाणारे, हलक्या टॅकलला जड जाणारे. व्हायकिंग्जचा मुख्य प्रशिक्षक बड ग्रँट भावनेच्या भरात निर्णय घेणारा माणूस नव्हता. समोरचे चेंडू घेऊन धावतात त्या खेळींवर त्याला आत भिंत हवी होती, आणि पेज आता भिंत राहिला नव्हता.

---

हिवाळपाखरू

@अडवणूक, नियमबदलाचा मुद्दा अगदी नेमका, आणि धावेच्या खेळींबद्दल तुमचं म्हणणं मी मान्यच करतो. १०० किलोच्या माणसावर दोघं चालून आले की तो मागे सरकणारच.

पण पुढे काय झालं ते बघा. वेव्हरवर टाकलेल्या, म्हणजे संघानं सोडून इतरांसाठी खुल्या केलेल्या खेळाडूला उचलायची ठरलेली रक्कम होती १०० डॉलर. तेवढ्यावर शिकागो बेअर्सनी त्याला घेतलं. तिथे मुख्य प्रशिक्षक होते नील आर्मस्ट्राँग, जे आधी व्हायकिंग्जच्याच बचावाचे प्रशिक्षक होते. म्हणजे पेज काय चीज आहे ते त्यांनी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं होतं. मग हा ‘संपलेला’ टॅकल शिकागोत १९७८ चा उरलेला मोसम आणि त्यानंतर पूर्ण तीन मोसम खेळला. एकही सामना न चुकवता. मघाच्या त्या मोजणीतले ४० सॅक शिकागोतले आहेत, आणि ते सगळे नव्या नियमाखालचे. हात लांब करून अडवणाऱ्या गार्डसमोर, ३३ ते ३६ या वयात, १०० किलो वजनावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की संघाला त्याच्या वजनाचा त्रास होता तसाच त्याच्या स्वतंत्रपणाचाही होता. संघटनेचं काम, कायद्याची पुस्तकं, सराव संपल्यावर स्वतःचं धावणं. आपलं शरीर कसं ठेवायचं हे तो स्वतः ठरवत होता, आणि त्या काळी ती गोष्ट प्रशिक्षकाची मानली जाई.

---

अडवणूक

शिकागोच्या ४० चं उत्तर माझ्याकडे नाही, हे मोकळेपणानं सांगतो. ग्रँटबद्दलचं मत मात्र बदलत नाही. ज्याच्या संघात बाकड्याशेजारी हीटर लावायची परवानगी नव्हती, मिनेसोटाच्या डिसेंबरमध्ये, उघड्या मैदानावर, तो माणूस सगळ्यांनाच एका मापानं मोजायचा.

---

मोगरा

ते उघडं मैदान म्हणजे ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियम ना? आता तिथे मॉल ऑफ अमेरिका आहे. भारतातून आई-बाबा आले की आपण सगळे त्यांना जिथे फिरवून आणतो तीच जागा.

पळण्याबद्दल थोडी भर घालते, कारण मी स्वतः पळते. धावायला सुरुवात त्याच्या बायकोनं, डायननं केली होती, सिगारेट सोडण्यासाठी. तिच्या सोबतीनं हा धावू लागला आणि त्याला त्याची गोडी लागली. १९७९ मध्ये त्यानं पूर्ण मॅरेथॉन पार केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारा तो पहिला. बचावफळीतल्या माणसाचं शरीर चार-पाच सेकंदांच्या स्फोटासाठी घडवलेलं असतं, मध्ये विश्रांती, पुन्हा स्फोट. २६ मैल एका लयीत पळणं ही त्याच्या नेमकी उलट गोष्ट. दोन्ही एकाच मोसमात, एकाच शरीरात कसं सांभाळलं असेल याचं मला खरंच नवल वाटतं.

ट्विन सिटीज मॅरेथॉनला तो घराजवळ रस्त्याच्या कडेला उभा राहून सूझाफोन वाजवतो. अंगाभोवती गुंडाळायचं ते भलंमोठं पितळी वाद्य. मी तिथून पळत गेले तेव्हा आधी तो घुमणारा आवाज आला, मग गर्दीतून वर आलेलं वाद्याचं तोंड दिसलं, आणि मग तो. न्यायासनावरच्या छायाचित्रांतला बो टाय नव्हता, टोपी होती. पुढचा मैल मी त्या आवाजावर काढला.

---

गोदाकाठ

चार सुपर बोल खेळला आणि चारही हरला, हे कुणीच लिहिलं नाही अजून. जानेवारी १९७० ला कॅन्सस सिटीकडून २३-७, १९७४ ला मायामीकडून २४-७, १९७५ ला पिट्सबर्गकडून १६-६, १९७७ ला ओकलंडकडून ३२-१४. व्हायकिंग्जच्या चाहत्यांचं हे दुखणं आजही भरलेलं नाही.

पिट्सबर्गवाला सामना परत बघा. पूर्वार्धात पिट्सबर्गला सेफ्टीचे दोन गुण सोडून काही मिळालं नव्हतं. बचावानं जीव तोडून धरून ठेवलं, आक्रमणानं मात्र एकही टचडाउन केला नाही. व्हायकिंग्जचे सहा गुण आले ते अडवलेल्या पंटवर, म्हणजे पायानं दूर टोलवायच्या चेंडूवर. पेजच्या फळीचा यात काय दोष?

---

वकिलीण

फुटबॉलमधलं मला काहीही कळत नाही, पण शीर्षकातला ‘वकील’ शब्द बघून आले. न्यायमूर्ती पेज यांच्याबद्दल मी वाचलेलं आहे ते ‘पेज विरुद्ध कार्लसन’मुळे, तेव्हा त्याबद्दल लिहिते. आपल्याकडे न्यायाधीशांच्या नेमणुकीवर एवढे वाद होतात, ते बघता हे वाचण्यासारखं आहे.

मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लोकांच्या मतांनी निवडून येतात, मुदत ६ वर्षांची. निदान राज्यघटनेत तसं आहे. प्रत्यक्षात चालत आलेली पद्धत अशी की न्यायमूर्ती मुदत संपायच्या आत निवृत्त होतात, गव्हर्नर त्यांच्या जागी कुणाला तरी नेमतात, आणि नेमलेली व्यक्ती पुढच्या निवडणुकीत विद्यमान म्हणून उभी राहते. मोकळी जागा मतदारांसमोर येतच नाही. पेज तेव्हा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात होते, नोकरीविषयक खटले बघत. १९९२ मध्ये एका जागेची निवडणूक ठरलेली होती आणि त्यांना ती लढवायची होती. गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली, आणि निवडणूकच गेली.

पेज यांनी त्याला आव्हान दिलं. आता हा खटला ऐकणार कोण? ज्या न्यायालयाच्या जागेचा वाद, तेच न्यायालय. विद्यमान न्यायमूर्ती बाजूला झाले आणि तेवढ्या प्रकरणापुरतं वेगळं पीठ बसलं. निकाल पेज यांच्या बाजूनं लागला, निवडणूक झाली, आणि ते ६० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकले. जानेवारी १९९३ मध्ये शपथ घेतली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. पुढे तीनदा निवडून आले आणि २०१५ मध्ये ७० वर्षं पूर्ण झाल्यावर नियमानुसार निवृत्त झाले.

त्यांच्या नावाच्या प्रसिद्धीचा निवडणुकीत उपयोग झाला असणार, त्यात वाद नाही. पण निवडणूक घडवून आणायला प्रसिद्धी कामी आली नाही, तिथे राज्यघटनेतलं कलम वाचावं लागलं. वकील म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. उमेदवारीसाठी कुणाच्या दारात गेले नाहीत, दावा दाखल केला.

---

हिवाळपाखरू

वकिलीणताई, हे इतक्या नीट मला मांडता आलं नसतं. मनापासून आभार.

आणि तुमचं वाचताना जाणवलं, की १९७४ च्या संपात त्याचं भांडण होतं तेही याच जातीचं. खेळाडूला मोकळं होण्याचा हक्क कागदावर होता, पण व्यवहारात तो वापरता येऊ नये अशी तजवीज केलेली होती. १९९२ मध्ये मतदारांचा हक्क कागदावर होता, आणि तसाच अडवलेला.

---

चिंचपोकळी_८५

ॲरन डोनाल्डशी तुलना करता येईल का? तोही आतला टॅकल, तोही त्या जागेसाठी छोटा म्हणून हिणवला गेलेला.

---

अडवणूक

येईल, आणि करावीच. डोनाल्ड २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, १३ वा, पेज १९६७ मध्ये १५ वा. डोनाल्ड १० मोसम खेळला, १११ सॅक, तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू, २०२२ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, आणि २०२४ मध्ये हातपाय धड असताना स्वतःहून थांबला. त्याची खासियत हातांत. गार्डचे पंजे छातीला लागायच्या आत तो ते खाली झटकतो. पेजच्या बहुतेक कारकिर्दीत गार्डला पंजे वापरायची मुभाच नव्हती, म्हणून त्याचं कसब पहिल्या पावलात होतं. दोन वेगळ्या नियमांखाली एकच प्रश्न सोडवलेले दोन लोक. माझी निवड विचारलीत तर डोनाल्ड, जेमतेम. पण लीगचा एमव्हीपी डोनाल्डलाही मिळाला नाही, हेही लक्षात ठेवा.

---

हिवाळपाखरू

माझी निवड उघड आहे.

हातांवरून आठवलं. पेजच्या डाव्या हाताची करंगळी पाहिली आहे का कुणी? खेळात ती इतक्या वेळा निखळली की मधल्या सांध्यापासून बाहेरच्या बाजूला जवळजवळ काटकोनात वळलेली राहिली. बाकीची चार बोटं सरळ आणि ही एकटी आडवी. न्यायासनावरच्या छायाचित्रांतही दिसते, झगा, बो टाय, आणि कागदावर टेकलेली ती करंगळी. लहान मुलांना ती फार आवडते. शाळेत गेला की मुलं आधी बोटाबद्दल विचारतात, आणि तिथून तो गप्पा वाचनाकडे नेतो.

---

गोदाकाठ

मिनीॲपोलिसमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे ना?

---

मोगरा

हो, जस्टिस पेज मिडल स्कूल, शहराच्या दक्षिण भागात. पूर्वी तिचं नाव होतं अलेक्झांडर रॅमसी. १८६२ मध्ये मिनेसोटातल्या मूळच्या डकोटा लोकांशी युद्ध झालं तेव्हा रॅमसी गव्हर्नर होता, आणि डकोटा लोकांचा एकतर नायनाट करा नाहीतर राज्याबाहेर हाकला, अशी त्याची जाहीर भूमिका होती. शाळेतल्या मुलांनी इतिहास शिकताना हे वाचलं आणि नाव बदलायची मागणी लावून धरली. २०१७ मध्ये बदललं. मोठ्यांनी समिती नेमून केलेलं काम नाही हे, मुलांनी रेटून करून घेतलेलं आहे.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. डायन त्याआधी काही आठवडेच गेली होती. ती ते बघायला हवी होती असं फार वाटतं, कारण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारं पेज एज्युकेशन फाउंडेशन दोघांनी मिळून १९८८ मध्ये सुरू केलं होतं.

---

थंडी_वाजते

इतके दिवस वाचनमात्र होते, फाउंडेशनचं नाव वाचून लिहिते आहे. माझी मुलगी या वर्षी बारावीत आहे, आम्ही सेंट पॉलजवळ राहतो. तिच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी याच शिष्यवृत्तीचा उल्लेख केला होता, पण ती फक्त खेळाडूंसाठी असेल असं समजून आम्ही पुढे काही केलं नाही. भारतीय वंशाच्या मुलांना चालते का?

---

हिवाळपाखरू

ताई, खेळाशी तिचा काही संबंध नाही. मिनेसोटातून शालेय शिक्षण पूर्ण करून मिनेसोटातच पुढे शिकणाऱ्या अश्वेत विद्यार्थ्यांसाठी ती आहे, त्यात आपली मुलंही येतात. अट वेगळीच आहे. पैसे घेतले की वर्षाला किमान ५० तास आपल्याहून लहान मुलांसोबत घालवायचे, त्यांना शिकवायचं, अभ्यासात मदत करायची. शिकवणाऱ्या मुलांमध्ये स्वतःसारखं कुणीतरी त्या लहानग्यांना दिसावं, हा त्यामागचा विचार.

मुदत आणि कागदपत्रं दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा फाउंडेशनच्या संकेतस्थळावर बघा आणि समुपदेशक बाईंना याच आठवड्यात गाठा. निबंध लिहावा लागला तर मुलीला म्हणावं पाठव, मी आणि मोगरा दोघंही वाचून देऊ.

---

मोगरा

नक्की. व्यनि करा, ताई.